मिलचा कान

नागपूर,
६ ऑगस्ट २०२३

प्रिय मामा,

हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरून वाकून नमस्कार. मामीलाही सांगा.

पत्र पाहून दचकला असाल. पण फोन केला की तुम्ही "हाव, हाव, बरं हाय, मामीसंग बोल" म्हणता आणि फोन मामीच्या हातात जातो. गेल्या दोन वर्षांत आपलं दहा मिनिटंही बोलणं झालं नसेल. म्हणून हा मार्ग.

कामही आहे. एम.ए.ला मी मानसशास्त्र घेतलंय, हे आईनं सांगितलंच असेल. या सत्रात व्यक्तिमत्त्वाचा पेपर आहे. माणूस स्वतःला कोण समजतो, ही समज कशी घडते, आणि तिला धक्का बसला की तो काय करतो, असं सगळं. मॅडमनी एक काम दिलंय. साठीपुढचा ओळखीचा माणूस गाठायचा आणि त्याच्याकडून "मी ... आहे" हे वाक्य वीस वेळा पूर्ण करून घ्यायचं. फार विचार करायचा नाही. मनात येईल ते लिहायचं. चूक-बरोबर असं काही नसतं.

मला लगेच तुम्हीच आठवलात. मे महिन्यात आम्ही कोहक्याला यायचो, तेव्हा तुम्ही अंगणात पाठ फिरवून बसायचात आणि रस्त्यावरून गाडी गेली की न बघता सांगायचात, "बजाज स्कूटर, अन् तिचा प्लग खराब हाय." मी फाटकाकडे धावत जाऊन बघायचे. स्कूटरच असायची. प्लगचं मात्र मी तुमच्या शब्दावर मानलं.

कागद सोबत ठेवलाय. वीसच्या वीस भरा हं.

तुमची भाची,
दामिनी


कोहका, भिलाई
१९ ऑगस्ट

दामिनी बेटा,

पोस्टमननं तुहं पत्र दिलं तं मामी घाबरली. तिले वाटलं, पेन्शनच्या कागदात काही गडबड झाली. मंग तुहं अक्षर पाहून हासली.

पत्र लिहिलं हे बेस केलं. इकडं फोनची रेंज खराब हाय अन् आजकालच्या मोबाईलचा आवाज बी साफ येत नाही. पत्राचं बरं असते. वाचता येते, परत वाचता येते.

तुहा कागद भरला. मी चार्जमन आहे. मी स्टील प्लांटच्या रेल मिलच्या मेंटेनन्सचा माणूस आहे. मी कधी लेट पंच न केलेला माणूस आहे. असं करत करत तेरा झाले. त्यातलं सहावं तुले समजणार नाही म्हणून सांगतो. मी लिहिलं, "मी मिलचा कान आहे." बेअरिंग खराब व्हायच्या आधी आवाज देते. मोठा नाही, बारीक, जशी दाताखाली रेती आली. मी लोखंडी सळई बेअरिंगच्या डब्यावर टेकवो अन् दुसरं टोक कानाले लावो. मशीन बंद करायची का चालू ठेवायची, ते मी सांगो. मोठमोठे इंजिनियर साहेब बाजूले उभे राहत अन् म्हणत, "हिरालालजी, कान क्या बोलता है?" एकदा मी म्हणलं, बंद करा. साहेब नाही म्हणले. आनंदराव माह्या बाजूनं साहेबासंग भांडला अन् मशीन बंद करवली. खोलून पाहिलं तं आतल्या गोळ्यायचा चुरा झाला होता. तवापासून अख्खी शिफ्ट मले मिलचा कान म्हणे.

तेराच्या पुढं पेन चालला नाही. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. "आहे" लिहू का "होतो" लिहू, हे बी मले समजून नाही राहिलं.

आनंदरावचं नाव निघालं म्हणून सांगतो. तीस वर्षं आमी एका डब्यात जेवलो. आता तो दुर्गले मोहन नगरात राहते. जूनमध्ये त्याची बायको, गुलाबवहिनी वारली. मी घाटावर गेलो, त्यानं मान फिरवली. तेराव्याले गेलो, मले बस म्हणलं नाही. दुःखात माणूस असा होते, मान्य हाय. पण आता ऑगस्ट संपून राहिला. रिटायर होताना तो माह्याहून एक ग्रेड वर होता, त्याचीच घमेंड असंन. असू दे. मी बी कोणाच्या दारात जाणारा नाही.

अभ्यास करजो. खात-पीत जाजो.

मामा


नागपूर,
२ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुमचा कागद मॅडमना इतका आवडला की त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला. "मिलचा कान" ऐकून पोरांनी टाळ्या वाजवल्या! मला दहापैकी नऊ गुण पडले.

आता त्यावर काय चर्चा झाली ते सांगते. तेराच्या तेरा वाक्यं प्लांटची आहेत. त्यात मामीचा नवरा नाही, कमलेशदादाचे बाबा नाहीत, आमचा मामा तर नाहीच. मॅडम म्हणाल्या, या माणसानं आपली सगळी ओळख एकाच खुंटीला टांगली आहे. खुंटी निघाली, आता ओळख कुठे टांगू हे त्याला कळत नाही.

आणखी एक. आनंदरावकाकांना घमेंड आहे असं तुम्ही लिहिलंत. आमच्या पुस्तकात याला प्रक्षेपण म्हणतात. जे आपल्या आत असतं आणि बघवत नाही, ते आपल्याला दुसऱ्याच्या अंगावर दिसायला लागतं. रागावू नका, पण कमलेशदादाही फोनवर म्हणत होता की बाबा हल्ली कुणाशी धड बोलत नाहीत, लोक बोलले तर तिकडे बघतही नाहीत, मंडळाच्या मीटिंगमधून उठून आले. मामा, कुठेतरी तुमचा अहं आडवा येतोय का? पहिलं पाऊल तुम्हीच टाका. मोहन नगर काय लांब आहे!

उरलेली सात वाक्यं पाठवा.

दामिनी


कोहका
१० सप्टेंबर

दामिनी,

पत्र भेटलं. माहा कागद वर्गात वाचायच्या आधी मले विचारलं असतं तं बरं झालं असतं. टाळ्या कायच्या?

मले घमेंड हाय असं कमलेश म्हणते, तू म्हणते, तुह्या मॅडम म्हणतात. तिघं शिकलेले लोक चूक थोडीच असतीन.

बाकी वाक्यं नाहीत. मामीची तब्येत ठीक हाय.

हिरालाल


तुमसर,
२९ ऑक्टोबर

प्रिय मामा,

दीड महिना तुम्हाला लिहायची हिंमत झाली नाही. तुमच्या पत्राखाली "मामा" नव्हतं, नाव होतं. ते वाचलं आणि मी काय केलं ते कळलं. तुम्ही मला विश्वासानं लिहिलंत आणि मी त्याचे गुण मिळवले. चुकले मी. कागद मॅडमकडून परत घेतलाय, सोबत पाठवतेय.

दसऱ्याला घरी आले. आई तुरीच्या शेतातून आली होती, ती पाय धूत असताना मी तिला सगळं सांगितलं. फोन, मीटिंग, लोक बोलतात तर बघत नाहीत, सगळं. आईनं तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "कवापासून?" मी म्हटलं, काय कवापासून? ती म्हणाली, "बाबाचं असंच सुरू झालं होतं. पन्नाशीतच."

मामा, आजोबांना ऐकू येत नव्हतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना पाहिलेलंच नाही.

म्हणून सरळ विचारते. पुस्तक बाजूला ठेवून विचारते. तुम्हाला ऐकायला कमी येतं का? उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. पण मला मामा म्हणून एक ओळ लिहा.

आणि एक दुरुस्ती. अहं म्हणजे घमेंड, असं मी तुम्हाला भासवलं. ते चूक आहे. पुस्तकातला अहं वेगळा असतो. एकीकडे आपली आतली ओढ, दुसरीकडे बाहेरचं जग, आणि डोक्यावर "हे शोभत नाही" म्हणणारा एक आवाज. या तिघांच्या मधे उभा राहून जो कसाबसा कारभार सांभाळतो, तो अहं. त्याला भीती वाटली की तो लपवाछपवी करतो. बाहेरून ती घमेंडीसारखी दिसते, बस. हे सगळं परीक्षेत मी बरोबर लिहिलं होतं. तुम्हाला लिहिताना विसरले.

तुमची,
दामिनी


कोहका
१६ नोव्हेंबर

दामिनी बेटा,

दिवाळीत घर भरलं होतं म्हणून उशीर झाला. नातवंडं फटाके फोडून राहिले होते. मोठे तेवढे मले ऐकू आले.

हाव. येत नाही. उजव्या कानानं जवळजवळ काहीच नाही, डाव्यानं थोडं थोडं. रिटायर व्हायच्या सहा महिने आधी एक दिवस सळई लावली अन् आतून काहीच आलं नाही. मले वाटलं मशीन बंद हाय. हात लावला तं थरथरत होती. त्या दिवशी मी अंदाजानं सांगतलं, "ठीक हाय." नशीब, ठीक होती. त्यानंतर मी प्रत्येक वेळी काही ना काही बहाणा करून दुसऱ्याले पाठवो. मशीनसंग खोटं नाही बोलता येत. माणसासंग येते.

हे मी मामीले बी सांगतलं नाही. तिले वाटते मी रिटायर झाल्यापासून चिडचिडा झालो.

कावून लपवलं, हे तुह्या मायले माहीत हाय. आमच्या गावच्या बाजारात लोक बाबापुढं उभे राहून नुसते ओठ हलवत. आवाजच काढत नव्हते. बाबा "हाव, हाव" करत. मंग सारे हासत, अन् बाबाले वाटे काही मजेची गोष्ट झाली, तं बाबा बी त्यायच्या संग हासत. मी दहा वर्षांचा. पिशवी धरून बाजूले उभा. शेषराव म्हणून कोणी ओळखत नव्हतं त्याले. बहिरा म्हणत. अन् मले बहिऱ्याचा पोट्टा. मी भिलाईले आलो, नोकरीले लागलो, अन् इथं लोकायनं मले काय नाव दिलं? कान. आता तूच सांग, ते मी कसा सोडू?

तू त्या मधातल्या कारभाऱ्याचं लिहिलं ते मले पटलं. तो तं शिफ्ट-इन्चार्ज झाला. वरून साहेबाचा दबाव, खालून लेबरचा, अन् माल तं निघालाच पाहिजे. माहा इन्चार्ज लय थकला बेटा. कोणी चार लोक बसले तं मी भिंतीले पाठ लावून बसतो, म्हणजे सारे समोर राहतात. ओठ पाहतो. बाकीचे हासले की हासतो. मंडळात कोणी मागून विचारलं अन् मी भलतंच उत्तर देलं, सारे हासले. मले बाजार आठवला. उठून आलो.

पण जास्ती करून मी निभावून नेतो. जूनमध्ये सुपेल्याच्या चौकात आनंदराव भेटला. ऑटो, ट्रक, हॉर्न, गर्दी. तो स्कूटरवर, तोंडाले गमछा बांधेल, ओठ बी दिसेना. काहीतरी सांगून राहिला होता. त्याच्या पोट्ट्याच्या, पीयूषच्या सोयरिकीचं चालू होतं, तं मी म्हणलं तेच असंन. मी हासलो, त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणलं, "चांगलं झालं, चांगलं झालं! मिठाई कवा?" तो गेला. त्याले पत्ता बी नाही लागला.

हे पत्र कोणाले दाखवजो नको. तुह्या मायले दाखव, चालंन.

मामा


नागपूर,
२७ नोव्हेंबर

प्रिय मामा,

हे पत्र मामी शेजारी असताना वाचा. उभ्यानं वाचू नका.

तुमचं पत्र वाचल्यापासून तो सुपेल्याचा चौक माझ्या डोक्यातून जाईना. जून, आनंदरावकाका, आणि गुलाबकाकू जूनमध्येच गेल्या. मी कमलेशदादाला फोन केला. तुमच्या कानाचं त्याला सांगितलं नाही. एवढंच विचारलं की काका आणि बाबांचं काय बिनसलंय. आधी त्यानं विषय बदलला. मग म्हणाला की पीयूषनं त्याला सांगितलंय आणि त्याला तुमच्यासमोर ते काढायची लाज वाटत होती.

त्या दिवशी काका दवाखान्यातून घरी कपडे आणायला चालले होते. तुम्ही दिसलात म्हणून थांबले. ते तुम्हाला म्हणाले, "गुलाबले भरती केलं, डॉक्टर म्हणते दोन-चार दिवसांचीच हाय."

आणि तुम्ही जे म्हणालात, ते तुम्हीच मला लिहिलंय.

पीयूष म्हणतो, बाबांनी त्या रात्री एकदाच सांगितलं, त्यानंतर त्यावर एक शब्द बोलत नाहीत. काकूंबद्दलही बोलत नाहीत. तिचं नाव घरात कुणी घेतलं तर उठून जातात.

मामा, तुमची चूक नाही असं मी लिहिणार होते. पण तेवढं लिहून तुम्हाला बरं वाटणार नाही, मला माहीत आहे. मी मानसशास्त्र शिकते आणि यावर काय सांगायचं ते मला येत नाही. एवढंच कळतं की काकांच्या मनात तुम्ही जे कोणी आहात, ते तुम्ही नाही आहात. आणि ते बदलणं फक्त एका माणसाच्या हातात आहे. त्यासाठी त्याला जे सांगावं लागेल, ते त्यानं आयुष्यभर कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय.

मी येऊ का? फक्त "ये" लिहा.

दामिनी


नागपूर,
२४ डिसेंबर

मामा,

महिना झाला. मामी म्हणते तुम्ही जेवता, झोपता, फिरायला जाता, पण बोलत नाही. मी ते पत्र पाठवायला नको होतं का? काहीही लिहा. रागाचं लिहिलंत तरी चालेल.

दामिनी


कोहका
८ जानेवारी २०२४

दामिनी बेटा,

राग नाही. पत्र पाठवलं हे चांगलंच केलं. तू नसतं पाठवलं तं मी त्याले घमेंडखोर म्हणतच मेलो असतो.

पहिला महिना तं मी कोणाकडं पाहो बी नाही. मंग एक दिवस मामीले सांगतलं. कोपऱ्यात नेऊन नाही, जेवताना, कमलेश अन् सून मोना समोर असताना. म्हणलं, मले ऐकू येत नाही, चार वर्षं होत आली. मोनानं पोळी तव्यावरच ठेवली. कमलेश उठून माह्या बाजूले आला अन् डाव्या कानापाशी म्हणाला, "बाबा, मैं समझता था आप मुझसे नाराज हो." पोट्ट्याले हिंदीतच रडू येते. मी म्हणलं, नाराज कायले होऊ, तू काय बोलते तेच मले समजत नव्हतं. मामी तेवढी चिडली. म्हणे, चार वर्षं मी भिंतीसंग बोलली का? दोन दिवस तिनं माह्या भाजीत मीठच टाकलं नाही. बरोबर हाय तिचं.

डॉक्टरकडं बी जाऊन आलो. कानाले मशीन लावायची म्हणतात. पुढच्या महिन्यात भेटंन. मी म्हणलं, मशीनची वाट नाही पाहत. मले एक काम हाय, ते तिच्या आधी केलं पाहिजे.

मोहन नगरले मी दोनदा गेलो अन् दोनदा फाटकापासून वापस आलो. पहिल्या वेळी दार बंद दिसलं, तं म्हणलं घरी नसंन. पायरीवर चपला होत्या, पण मी म्हणलं नसंन. दुसऱ्या वेळी बहाणा बी नव्हता. नुसताच फिरलो. तो तुहा कारभारी लय हुशार असते बेटा.

काल रविवारी सकाळी तिसऱ्यांदा गेलो. आनंदराव ओसरीत उन्हात बसला होता, समोर सुपात तुरीच्या शेंगा सोलून राहिला होता. दोन माणसायच्या घरच्या मानानं लय शेंगा होत्या. मले पाहून त्यानं मान खाली घातली. मी पायरीवर उभा राहिलो. रस्त्यात पाठ करून आलो होतो, पहिले असं म्हणीन, मंग तसं म्हणीन. सारं गेलं. मी म्हणलं, "आनंदराव, मी बहिरा हाय."

त्याचे ओठ हालले. मले समजलं नाही.

मी म्हणलं, "त्या दिवशी सुपेल्यात तू काय म्हणला ते मले ऐकूच आलं नाही. मले वाटलं पीयूषची सोयरीक जमली. मले नोव्हेंबरात समजलं. आता बी तू काय बोलला ते मले ऐकू नाही आलं. जोरानं बोल."

त्यानं हातातली शेंग खाली टाकली. मंग उठला. सूप पडलं, दाणे सारे ओसरीत गेले. त्यानं माह्या शर्टाची कॉलर धरली अन् वरडला, हे मले साफ ऐकू आलं, "मिलचा कान म्हणत होते तुले बेइमाना! मले तं सांगायचं! मी का हासलो असतो तुले?"

मी म्हणलं, "हाव. सांगायचं होतं."

कॉलर सोडली त्यानं. खाली बसला. मी बी बसलो, डावा कान त्याच्याकडं करून. मी म्हणलं, "त्या दिवशीचं आता सांग. मले पुरं सांग."

अन् मंग बेटा, त्यानं सांगतलं. मले ऐकू यावं म्हणून वरडून सांगतलं. भरती कधी केलं, कोणत्या खाटेवर, नाकात नळी होती, ती म्हणे मले घरी घेऊन चला, यानं नाही नेलं. एकेक शब्द वरडून. समोरच्या घरातली बाई दारात आली. बाजूचा मास्तर कंपाउंडपाशी येऊन उभा राहिला. भांडण होऊन राहिलं असं वाटलं असंन त्यायले. पीयूष आतून आला, तोंडात ब्रश तसाच, अन् चौकटीत उभा राहून ऐकत राहिला. बापाच्या तोंडून हे त्यानं बी पहिल्यांदाच ऐकलं. बापानं सात महिने घरात काढलं नव्हतं ते आता अख्खं मोहन नगर ऐकून राहिलं होतं, अन् आनंदरावले त्याचं भान नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, तिनं शेवटल्या दिवशी मले... अन् पुढं त्याचा आवाज बसला. मले फक्त ओठ हाललेले दिसले. पहिलेचा मी असतो तं "हाव" म्हणून मान हालवली असती.

मी म्हणलं, "नाही ऐकू आलं. अजून एकदा सांग."

त्यानं माह्या कानापाशी तोंड आणलं. म्हणाला, "तिनं मले नावानं हाक मारली. चाळीस वर्षांत कधी मारली नव्हती. आनंद म्हणली."

दुसऱ्यांदा सांगताना तो रडला. पीयूष येऊन त्याच्या बाजूले खाली बसला. मी तिथंच बसून होतो, दुपार होईपर्यंत. तिघं मिळून दाणे वेचत.

तुहा मामा